मोगऱ्याला तहान लागू द्या: पाऊस सरल्यावर बागेत काय करायचं

कोजागरी जवळ आली की सोसायटीतलं कोणी ना कोणी मला जिन्यात गाठतंच. "काकू, पावसाळ्यात काय तरारली होती झाडं, आता पिवळी का पडायला लागली?" विचारणारे बहुधा नवे असतात. जूनमध्ये हौसेनं दहा-पंधरा कुंड्या आणलेल्या, चार महिने पाणी आभाळानं घातलेलं, आणि आता परतीचा पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन टाळूवर आलेलं. घाबरून ते दोन गोष्टी करतात: पाणी वाढवतात आणि मूठभर खत टाकतात. पिवळं पडलेलं झाड मग खरोखरच जातं.

मी पुण्यात राहते. गच्चीवर साठेक कुंड्या आहेत आणि खाली कंपाउंडच्या कडेला एक आंबा नि एक लिंबू. आपल्याकडचा वसंत म्हणजे मोगरा, आंब्याचा मोहोर, लिंबाची फुलं, बोगनवेल. ही सगळी मंडळी लाडानं फुलत नाहीत. त्यांना आधी थोडं कोरडं, थोडं उपाशी राहावं लागतं. शेतकरी याला ताण देणं म्हणतात. नवरात्रापासून संक्रांतीपर्यंतची बागेतली निम्मी कामं काढून घेण्याची आहेत: जुनी माती काढा, फांद्या काढा, पाणी तोडा. नव्या माणसाचा हात इथेच अडखळतो.

इंटरनेटवर 'ऑक्टोबरमध्ये बागेत काय करावं' असं शोधलंत तर इंग्लंड-अमेरिकेतली माणसं गळलेली पानं गोळा करताना आणि ट्यूलिपचे कंद पुरताना दिसतील. आपली पानगळ ऑक्टोबरात होत नाही, ती शिशिरातली. बदाम लाल होऊन गळतो तो जानेवारी-फेब्रुवारीत, पिंपळ त्याच्या मागोमाग. आणि ट्यूलिपला लागते ती कडक थंडी पुण्यात फक्त फ्रीजमध्ये मिळते. मी एकदा ते कंद आणले होते. त्यांची भाजीसुद्धा होत नाही.

वाफसा येऊ द्या

पाऊस थांबला त्याच रविवारी खुरपं घेऊन बसू नका. ओली माती उकरली की तिची ढेकळं होतात आणि ती वाळली की विटेसारखी कडक होतात, काळ्या मातीत तर हमखास. मूठभर माती घ्या आणि दाबा. बोटांतून पाणी आलं किंवा चिखलाचा गोळा झाला तर अजून थांबा. गोळा होतो, पण अंगठा लावला की भुसभुशीत फुटतो, तोच वाफसा. पुण्यात साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर, उघडीप मिळाली की तीन-चार दिवसांत ही अवस्था येते. कोकणात आणि गोव्यात थोडी उशिरा येते, तिकडे पाऊसही रेंगाळतो.

तोवर हात शिवशिवत असतील तर दोन कामं करा. एक, प्रत्येक कुंडी उचलून तिचं बूड बघा. पावसाळ्यात मुळं भोकातून बाहेर येऊन भोक बुजवतात. पाणी तुंबतं, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय. भोकात पेन्सिलीएवढी काडी घालून मोकळं करा. जिन्यातल्या त्या प्रश्नाचं उत्तर दहांतल्या सात कुंड्यांत इथेच सापडतं.

दुसरं काम शंखी गोगलगायींचं. दिवसा त्या कुंडीच्या काठाखाली, विटांच्या फटीत चिकटून बसतात. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन गेलात की हातमोज्यानं वेचता येतात. वेचून मिठाच्या दाट पाण्यात टाकायच्या. कुंडीत मीठ टाकू नका, गोगलगाय मरेल पण माती खारट होईल. मातीत वाटाण्याहून लहान, पिवळसर गोल अंडी पुंजक्यानं दिसली तर तीही काढा.

माती बदलणं

चार महिन्यांच्या पावसानं कुंडीतलं खत धुऊन नेलेलं असतं. वर हिरवट शेवाळ, खाली घट्ट झालेला गोळा. सगळ्याच कुंड्या रिकाम्या करायची गरज नाही. मोठी, जुनी झाडं असतील तर वरची दोन-तीन इंच माती खुरप्यानं खरवडून काढा, मुळांना धक्का न लावता बाजूनं खोल खुरपा, आणि तेवढीच नवी माती भरा. ज्यांची मुळं भोकातून बाहेर आलीत किंवा ज्यांना दोन वर्षं झालीत, तेवढीच झाडं बाहेर काढा.

झाड काढताना खोड धरून ओढू नका. आदल्या दिवशी पाणी देऊ नका. कुंडी आडवी करा, बाजूनं हातानं थापट्या मारा, गोळा सरकून बाहेर येतो. मुळांचं जाळं गोळ्याभोवती गोल गोल फिरलेलं दिसेल. ते सोडवा, बाहेरची साधारण पाव हिस्सा मुळं कातरा, कुजलेली काळी मुळं सगळी काढा. मुळं कातरलीत तर वरच्या फांद्याही थोड्या कातराव्या लागतात. नाहीतर उरलेल्या मुळांना वरचा संसार झेपत नाही. मग एकच नंबर मोठ्या कुंडीत लावा. छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी दिली तर उरलेली माती ओली राहून आंबते. लावल्यावर आठ दिवस सावलीत ठेवा. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन नव्या लावलेल्या झाडाला सोसत नाही.

मातीचं माझं प्रमाण सोपं आहे: दोन पाट्या लाल माती किंवा पोयटा (गाळाची माती), एक पाटी मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक पाटी कोकोपीट किंवा कुजलेला पाचोळा. बारा इंची कुंडीला त्यात मूठभर निंबोळी पेंड. तुमच्याकडे काळीच माती असेल तर पाचोळा दुप्पट करा. शेणखत 'मुरलेलं' म्हणजे काय, तर हातात घेतल्यावर वास येत नाही, चुरलं की चहाच्या पावडरीसारखं होतं आणि गरम लागत नाही. ओलं शेण घातलंत तर ते कुंडीतच आंबेल, तापेल, मुळं भाजतील. वर हुमणी येते ती वेगळीच. पांढरी, लठ्ठ, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसली की समजा हीच ती. ती मुळं खाते. मी जुनी माती गच्चीवर कागदावर पसरून ठेवते. अर्ध्या तासात साळुंक्या येऊन हिशेब चुकता करतात.

काढलेली जुनी माती फेकू नका. आठवडाभर कडक उन्हात वाळवा, चाळा, पुढच्या वेळी वापरा. ऑक्टोबरच्या उन्हाचा हा एक खरा उपयोग.

तण उपटायचं ते त्याचं बी पडायच्या आत. आंबुशीचं मूळ राहिलं तर ती परत येते, म्हणून ओल असतानाच मुळासकट काढा. केना आणि घोळ निघाले तर स्वयंपाकघरात न्या, दोन्हींची भाजी होते. गाजर गवत मात्र फुलायच्या आधी, हातमोजे घालून काढायचं. काहींना त्याची जबर खाज येते.

गुलाब: धीर करून कापा

नव्या माणसाला सर्वांत जड जाणारं काम हेच. हिरव्या, वाढत्या झाडाला कात्री लावायची! पण पावसाळ्यात वाढलेला गुलाब उंच, विरळ आणि ठिपक्यांनी भरलेला असतो. पुण्यात ऑक्टोबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत त्याची छाटणी होते. छाटणीनंतर साधारण ४५ ते ६० दिवसांत फुलं येतात. प्रदर्शनात गुलाब मांडणारे लोक प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटे दिवस मोजून छाटणीचा दिवस ठरवतात, इतकं ते घड्याळासारखं चालतं.

छाटणीच्या आधी तीन-चार दिवस पाणी कमी करा. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवं; बोथट असेल तर फांदी कापली न जाता चेचली जाते. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटनं पुसा. आधी वाळलेल्या, रोगट, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या मुळाशी काढा. मग कलमाचा सांधा शोधा, खोडावर गाठीसारखा फुगवटा असतो. त्याच्या खालून फुटलेली फांदी ही खुंटाची, म्हणजे कलम ज्यावर बांधलं त्या झाडाची, रानटी. ती कितीही जोमदार दिसली तरी काढा, नाहीतर वर्षभरात कलम मरून नुसता खुंट उरतो. उरलेल्यांतल्या चार-पाच जाड, निरोगी फांद्या ठेवा आणि त्या एक-दीड फुटावर कापा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. डोळा म्हणजे पानाच्या देठाच्या बगलेतला तांबूस टिपका. त्यातूनच नवी फांदी येणार आणि डोळा ज्या दिशेला बघतो त्या दिशेला ती वाढणार. सगळे डोळे बाहेर बघणारे निवडलेत तर झाड वाटीसारखं उघडतं, आत वारा खेळतो, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) कमी येते.

कापलेल्या टोकांवर बोर्डो पेस्ट लावा, नाहीतर फांदी टोकाकडून काळी पडत खाली मरत येते. पाच-सहा झाडांपुरती घरी होते: १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० मिली पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५० मिली पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या वाट्यांत विरघळवून मग एकत्र. लोखंडी भांडं नको. तयार झाल्यावर घासून चकचकीत केलेला खिळा त्यात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. जुन्या ब्रशनं लावा, त्याच दिवशी संपवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

गावठी गुलाबाला एवढं निर्दय व्हायचं नाही. त्याची शेंडेछाटणी पुरते.

नवी तांबूस फूट बोटभर झाली की खत द्या. मी शेंगदाण्याची पेंड वापरते: १०० ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात चार दिवस भिजवायची, रोज ढवळायची, मग दसपट पाण्यात मिसळून घालायची. वास येतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

ऊन सरकतं, कुंड्याही सरकवा

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. जूनमध्ये पुण्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, डिसेंबरात तो दक्षिणेला झुकून पन्नास अंशांच्याही खाली राहतो. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत पावसाळ्यात न येणारं ऊन थंडीत पार दारापर्यंत आत येतं, आणि उत्तरेच्या गॅलरीत कुंड्या फेब्रुवारीपर्यंत सावलीतच बसतात. ऑक्टोबरच्या शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गॅलरीचा फोटो काढा. ऊन कुठे पडतं ते बघून फुलझाडं तिकडे हलवा, मनी प्लांट आणि नेचे मागे.

प्रकाशाची दुसरी गोष्ट शेवंतीची. शेवंतीला कळी धरायला रात्र मोठी आणि सलग अंधारी लागते. माझी एक कुंडी पार्किंगच्या दिव्याखाली होती. हिरवीगार, डेरेदार, आणि नोव्हेंबर संपला तरी एक कळी नाही. तिच्याच फांदीपासून केलेली दुसरी कुंडी गच्चीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फुलांनी वाकली होती. गॅलरीतला दिवा रात्रभर चालू ठेवत असाल तर शेवंती आणि पॉइन्सेटिया तिथून हलवा.

बी पेरायचं ते आता

दिवाळीच्या झेंडूचं बी ऑगस्टमध्येच पडायला हवं होतं, त्याचा विचार पुढच्या वर्षी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, अ‍ॅस्टर, कॅलेंडुला, नॅस्टर्शियम पेरा. जानेवारीपासून होळीपर्यंत फुलं मिळतात. पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं. ते मातीखाली पुरायचं नाही. चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून ओल्या कोकोपीटवर भुरभुरा आणि ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवून खालूनच भिजवा. वरून झारी धरलीत तर सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं. रोपाला चार पानं आली की हलवायचं.

भाज्यांचं लवकर आटोपते: मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर थेट कुंडीत. धणे चपलेखाली रगडून दोन अर्धे करून पेरा, उगवण चांगली होते. टोमॅटोची रोपं नर्सरीतून आणलीत तरी चालतं. पुण्याहून उरुळी कांचनकडे सोलापूर रस्त्यानं गेलात तर दुतर्फा नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, घासाघीसही चालते. भेंडी, काकडी, दोडका, दुधी यांची घाई नको. थंडीत बी मातीतच बसून राहतं. त्यांना जानेवारीच्या शेवटी, थंडी ओसरू लागली की पेरा. निफाडसारख्या कडाक्याच्या भागात असाल तर तोवर रोपांवर रात्री जुनी सुती साडी टाका आणि सकाळी काढा.

दिवाळीनंतर: पाणी तोडायची कला

आता मूळ मुद्द्याकडे. पहिल्या वर्षी मी एकाच रविवारी सगळं छाटलं होतं: गुलाब, मोगरा, बोगनवेल. मग सगळ्यांना सारखंच पाणी, सारखंच खत. एप्रिलमध्ये शेजारच्या बंगल्यातला मोगरा रात्री वास सोडत होता आणि माझा नुसता हिरवा होता. त्या बंगल्यात काम करणारे माळीकाका कुंपणावरून बघून म्हणाले, "ताई, त्याला उपाशी कधी ठेवलं? पोट भरलेलं झाड कशाला फुलंल?"

ताण देण्यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. पाणी आणि नत्र भरपूर असेल तोवर झाड पानं काढत राहतं. पाणी तुटलं की वाढ थांबते, फांद्यांत अन्न साठतं, आणि पाणी परत मिळालं की तेच अन्न फुलांच्या कामी येतं. नागपूरच्या संत्रा बागायतदारांचं सगळं गणित यावर चालतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा अंबिया बहार, जून-जुलैतला मृग बहार; ज्याला जो धरायचा त्याआधी तो बागेचं पाणी तोडतो. लिंबाचा हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलतो आणि त्याची फळं ऐन उन्हाळ्यात येतात. पण त्यासाठी ताण द्यायचा तो पावसाळ्यात, आणि पाऊस काही नळासारखा बंद करता येत नाही. उन्हाळ्यात लिंबू महाग होण्याचं हे एक कारण.

मोगरा असा सांभाळा. दिवाळीनंतर पाणी कमी करत जा: रोजचं एक दिवसाआड, मग तीन दिवसांआड. खत पूर्ण बंद. डिसेंबरच्या मध्यावर पाणी तोडा. जमिनीतल्या मोगऱ्याला तीन-चार आठवडे चालतात. कुंडीतल्याला मात्र आठ-दहा दिवसच, कारण त्याला मुळं खोल न्यायला जागाच नाही. इथे नवे लोक वाचलेलं जसंच्या तसं करतात आणि महिनाभरानं काटक्या घेऊन माझ्याकडे येतात. खूण अशी: दुपारी पानं मलूल झाली आणि संध्याकाळी सावरली तर ताण ठीक. सकाळी सहालाही पानं लोंबलेलीच असतील तर अति झालं, अर्धा तांब्या पाणी द्या. शंका आली तर नखानं फांदी खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे.

पानं पिवळी पडून गळायला लागली की संक्रांतीच्या आसपास छाटणी. फांद्या निम्म्या करा, पेन्सिलीहून बारीक आणि वाळक्या मुळाशी काढा, उरलेली पानं हातानं ओरबाडा. खोडाभोवतीची माती तीन इंच उकरून दोन-तीन दिवस ऊन लागू द्या. मग दोन ओंजळी शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, माती परत ओढा आणि भरपूर पाणी द्या, बुडातून वाहीपर्यंत. पहिल्या दिवशी झाड बघून घरातले लोक विचारतील, "मेलं का?" काही बोलू नका. दहा-पंधरा दिवसांत खोडावर बाजरीएवढे हिरवे टिपके दिसतात.

लिंबाची कुंडी असेल तर तसाच छोटा ताण डिसेंबर-जानेवारीत द्या, पण छाटू नका. वाळक्या काड्या काढल्या की पुरे. आंब्याला, जमिनीतल्या, पाऊस थांबल्यापासून पाणी आणि खत दोन्ही बंद. मोहोर यायच्या ऐन वेळी पाणी दिलंत तर मोहोराऐवजी तांबूस पालवी येते आणि वर्ष हातचं जातं. फळं वाटाण्याएवढी झाली की पाणी सुरू करा. बोगनवेलीला दिवाळीआधी हलकी छाटणी आणि मग माती पार कोरडी होईपर्यंत दुर्लक्ष. तिला दुर्लक्ष आवडतं.

कंदांचा ताण सर्वांत सोपा. अ‍ॅमरिलिस आणि चेंडूसारखं लाल फूल येणारी मे-फ्लॉवर यांची पानं नोव्हेंबर-डिसेंबरात पिवळी पडतात. पडू द्या. हिरवी असताना कापू नका, कंद त्याच पानांतून शिदोरी भरून घेत असतो. पानं वाळली की पाणी बंद करा आणि कुंडी जिन्याखाली आडवी करून ठेवा. कुंडीवर नाव लिहा. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांनी एकदा 'रिकामी' कुंडी समजून त्यात पुदिना लावला होता. फेब्रुवारीच्या मध्यावर कुंडी उभी करा, वरची माती बदला, एकदा पाणी द्या आणि हिरवं टोक दिसेपर्यंत परत देऊ नका. अ‍ॅमरिलिस मार्च-एप्रिलमध्ये फुलते. दुसरी मे महिन्याची, नावाला जागणारी.

बाकी झाडांना थंडीत पाणी बोट घालून द्या. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घाला. ओल लागली तर आज नको. वेळ सकाळची. संध्याकाळी पानं भिजवलीत की थंड रात्रीत गुलाबावर पिठासारखी भुरी येते. आलीच तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारा.

मावा, पिठ्या ढेकूण आणि एक चुकीचा बळी

थंडी पडली की शेवंतीच्या शेंड्यांवर काळा मावा आणि जास्वंदीच्या बगलांत कापसासारखा पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग दिसली की वर नजर टाका, त्या गोड चिकट्यासाठीच जातात. सुरुवातीला पाण्याची पिचकारी मारून धुवा. हटले नाहीत तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली नीम तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, चांगलं हलवून, संध्याकाळी, पानांच्या खालून.

त्याआधी भिंगातून एकदा बघा. माव्यामध्ये करड्या अंगाची, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी अळी फिरत असेल तर फवारणी थांबवा. ती लेडीबर्डची अळी आहे, मावा खायला आलेली. मी पहिली दोन वर्षं त्यांनाच कीड समजून मारत होते.

पाचोळा आला की गोण्या काढा

संक्रांतीनंतर रस्त्यावर सोन्यासारखा पाचोळा पडायला लागतो आणि झाडणारे तो ढीग करून पेटवतात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, ५,००० रुपयांपासून दंड ठेवला. तरी धूर दिसतोच. सकाळी सातला दोन गोण्या घेऊन खाली गेलात तर झाडणारी मंडळी आनंदानं भरून देतात.

गोणीला सुरीनं वीसेक भोकं पाडा. सहा इंच पाचोळा, त्यावर पसाभर जुनी माती, थोडं आंबट ताक किंवा गुळाचं पाणी, परत पाचोळा. पाय देऊन दाबा. पिळलेल्या फडक्याइतकी ओल हवी. पंधरा दिवसांनी गोणी उलटी करा. बदामाची जाड पानं आधी चुरली नाहीत तर वेळ लागतो, बाकीचा पाचोळा पावसाळ्यापर्यंत काळाभोर होतो. सगळा कुजवू नका. एक गोणी कोरडी ठेवा. मार्चपासून प्रत्येक कुंडीत दोन इंच जाडीचं आच्छादन घालायला लागतो, खोडाला न टेकवता. एप्रिलच्या उन्हात त्यानं पाणी निम्मं लागतं, हा माझ्या गच्चीवरचा अनुभव.

तोवर मोगरा जागा झालेला असतो. फेब्रुवारीच्या शेवटी नव्या फुटीच्या टोकांना तीन-तीन कळ्यांचे झुबके दिसले की उपास संपला. आता एक दिवसही पाणी चुकवायचं नाही, चुकलं तर कळ्या जांभळट होऊन गळतात. पंधरा दिवसांनी एकदा पेंडीचं पाणी. कळ्या तोडायच्या त्या संध्याकाळी, पांढऱ्या झालेल्या पण न उमललेल्या, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. रात्री नऊपर्यंत फडकं उघडलं की घरभर. पहिला बहर ओसरला की ज्या टोकांवर फुलं आली ती दोन पेरं खाली खुडून टाका. तिथूनच दुसरा बहर येतो.